बापुजीचं वारं

कोंडाजीचा उजवा हात हलायला लागला तो छप्पन साली, भातझोडणीत. भारा ठेवून जरा टेकला, की हात आपला थरथरतोय. गावचं देवकार्य पाहणाऱ्या गावकर भागोजीने ते पाहिलं आणि सरळ पायच धरले. "बापुजीचं वारं हाय ह्ये!" गावदेव बापुजी म्हणे कोंडाजीच्या अंगात आला. झालं! दर रविवारी अंगणात माणसं. कुणाची म्हैस हरवलेली, कुणाची सून नांदत नाही. कोंडाजी घोंगडीवर बसून सुचेल ते सांगायचा. वारं उतरलं की त्या माणसाला बोललेलं काही आठवत नाही, अशी सगळ्यांची पक्की समजूत. लबाडी होती का? होतीच! पण थरथरणाऱ्या माणसाला हसतात, देवाला कोण हसतंय?

माणगावच्या डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, "कंपवात आहे. बसल्या जागी हात हलेल, काही धरायला गेलात की थांबेल. चेहरा ताठरेल. पुढे चालणं जाईल, बोलणं जाईल. समजेल मात्र सगळं. घरी सांगा." घरी सांगा म्हणे! बायकोला, राहीला काय सांगणार, कपाळ?

त्या रविवारी सगळ्यांच्या शेवटी राहीच पुढे आली. डोक्यावर पदर, हातात नारळ.

"देवा, माझ्या धन्याचं पुढं कसं हाय? कूस बदलता येत न्हाय त्यांना. माझ्याशी हसत न्हाईत. माझं काय चुकलं, त्येवढं सांग."

बरा होईल म्हणून सांगून मोकळं व्हावं, असं कोंडाजीला वाटलं. पण दोन वर्षं ती बिचारी स्वतःला दोष देत होती, आणि हा मेला देव होऊन बसला होता! त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"तू न्हाय चुकलीस," तो पुटपुटला. "रोग हाय. त्यानं त्वांड हसत न्हाय. पाय जातील. मग बोलणं जाईल. समजंल त्याला सगळं."

राहीचे हात जोडलेलेच होते. "आनि माझं कसं, देवा?"

हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. देव पुरे झाला, तिचा हात धरावा, एवढंच कोंडाजीला वाटलं. त्याने हात पुढे केला. थरथर थांबली.

"उतरलं वारं!" भागोजी ओरडला. माणसं उठून वाटेला लागली.

राहीने भराभर डोळे पुसले. नवऱ्याचा तो पुढे आलेला हात दोन्ही हातांत घेतला.

"चला जेवायला," ती म्हणाली. "देव लई चांगलं बोलला. तुमी बरे व्हनार, म्हनला."

कोंडाजीला हंबरडा फोडून रडायचं होतं. तोंड जागचं हललं नाही.