क्लोराइड येईपर्यंत

“अगं बाई, पडल्या पडल्या हाक मारायची ना!” लिफ्ट मेकॅनिक बायकोच्या खाटेशी बसून पुन्हा तेच म्हणाला. तिच्या मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन उद्या होतं.

“मारणारच होते,” ती म्हणाली. “पण पोरीचं पाठांतर चाललं होतं, नाव अर्ध्यावर होतं. म्हटलं, क्लोराइड येऊ दे, मग मारू. तर क्लोराइड आलं आणि हिनं दम न घेता दुसरं धरलं. मग तेही होऊ दिलं. मग आणखी एक.”

खाटेच्या पायाकडे उभी असलेली मुलगी तोंड फिरवून रडायला लागली.

नाव चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हा कायदा कुणाचा? मेकॅनिकचाच. मुलीची डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा. रसायनशास्त्रातल्या त्या संयुगांची नावं म्हणजे मालगाडी. आधी धातूला चिकटलेले सगळे, तेही इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं, मग धातू, मग त्याचा आकडा, आणि शेवटचा डबा क्लोराइडचा. मोठ्यानं पाठ करताना मध्ये तुटलं की ती पहिल्यापासून सुरू करायची. एकदा ऐन नावात बायकोनं “जेवायला ये गं” म्हटलं, तर हा केवढ्यानं खेकसला होता, “तिचं आयुष्य घडतंय आणि तुला जेवणाचं पडलंय! नाव पूर्ण झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही!”

“बरं बाबा,” बायको हसून म्हणाली होती. आणि तिनं शब्द पाळला, न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पडून. मेल्या, तेव्हाच जीभ का झडली नाही तुझी, असं त्यानं स्वतःलाच मनात हासडलं.

“म्हण गं,” आई मुलीला म्हणाली. “परवा पेपर आहे. माझ्यापायी वर्ष घालवू नकोस. ते टेट्रावालं म्हण, तुझं नेहमी अडतं ते.”

“नको ना, आई.”

“म्हण म्हणते ना!”

मुलीनं डोळे पुसले. “टेट्राॲमाइन... डायक्लोरिडो...”

खुब्यातून कळ गेली तसा बायकोचा चेहरा पिळवटला. खाटेच्या कठड्यावर तिची मूठ आवळली गेली, पण ओठ मिटलेलेच राहिले. ती क्लोराइडची वाट बघत होती.

“थांब!” मेकॅनिक ओरडला. “खड्ड्यात गेलं ते नाव! नर्सला बोलाव आधी, पळ!”

मुलगी धावत बाहेर गेली. बायकोनं कण्हत त्याच्याकडे रागानं पाहिलं.

“अहो, मध्येच कशाला बोललात? आता बिचारीला पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागेल.”