पान दोनशे एक्केचाळीस

विभागप्रमुखांना बढती हवी होती. त्यासाठी त्यांच्या एकुलत्या एका पुस्तकाचा उल्लेख शंभर शोधनिबंधांत व्हायला हवा होता. चौऱ्याण्णव झाले होते आणि यंदा हाताखाली बरोबर सहा विद्यार्थी होते. पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर दरवर्षीचं वाक्य लिहिलं: 'नळावरचं पहिलं भांडण पाण्याचं नसतं, रांगेचं असतं.' खाली स्वतःचं नाव, पुस्तकाचं नाव, पान २४१. मुलांनी मुकाट उतरवून घेतलं. या विभागात संदर्भसूची म्हणजे गेल्या वर्षीच्या मुलाची सूची. तिच्यातल्या चुकाही वारसाहक्काने मिळत.

पान उलटताना बोट चाटायची सरांना खोड होती. मुलांनी त्यांचं नाव ओलंबोट ठेवलं होतं, आणि तपासलेला निबंध परत घेताना मुली तो कोपऱ्याला चिमटीत धरत.

सहाजणांतल्या एकीला एक भलतीच सवय होती. ज्याचा संदर्भ द्यायचा, ते ती उघडून बघे. ग्रंथपाल तिची सख्खी मावशी.

"मावशी, सरांचं पुस्तक दे."

"वाचणार की काय? बरी आहेस ना?"

अकरा वर्षांत ते कुणी नेलं नव्हतं. पानं कडेला एकमेकांना चिकटून बसली होती. भाचीने ती सोडवत शेवट गाठला, तर पुस्तक एकशे अठ्ठ्याऐंशी पानांत आटोपलेलं. वाक्य त्यात कुठेच नव्हतं.

मावशीने आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुन्हा पुसलं. मग मागच्या कपाटातून तिने काळ्या बांधणीचा एक प्रबंध आणला. प्रबंध तिचा, मार्गदर्शक म्हणून सही सरांची. पान २४१ वर ते वाक्य होतं, स्वल्पविरामासकट. समासात ओल्या बोटाचा सुकलेला, पिवळट ठसा होता. भाचीने समासावरचं आपलं बोट मागे घेतलं.

"वाक्य उचललं ते उचललं," मावशी म्हणाली, "पानाचा आकडा तरी स्वतःचा घालायचा. तेवढाही कंटाळा."

"आणि तू गप्प बसलीस?"

"या नोकरीच्या मुलाखतीला समोर तेच होते गं."

भाचीने संदर्भ जसा हवा तसा दिला: मावशीचं नाव, प्रबंधाचं नाव, वर्ष, पान २४१. निबंध देण्याच्या शेवटच्या दिवशी ती सरांच्या सहीसाठी उभी राहिली. सही नाही तर वर्ष गेलं. सर बोट चाटत चाटत सूचीपर्यंत आले आणि बोट ओठांवरच थांबलं.

"घरच्या माणसाची जाहिरात? शोधनिबंध आहे हा, लग्नपत्रिका नव्हे."

"तुमच्या पुस्तकात एकशे अठ्ठ्याऐंशीच पानं आहेत, सर."

माणूस निदान लाजेल, अशी तिची अपेक्षा होती. ते खूश झाले.

"बरं झालं सांगितलंस. अकरा वर्षांत एकाही गाढवाने पाहिलं नाही." त्यांनी उरलेल्या पाचजणांना बोलावलं आणि पानाचा आकडा तेवढा खोडायला लावला. पाचांनीही मान खाली घालून खोडला. खाडाखोडीवर सरांनी अंगठा फिरवला, पुसून निघतंय का पाहायला. मग तिचा निबंध पुढे सरकवला.

"तूही बदल. इथेच बसून बदल, लगेच सही करतो."

तिने निबंध चिमटीत उचलला आणि बाहेर आली.

नव्याण्णव झाले. शंभरावा निबंध सरांनी सुट्टीत स्वतःच लिहिला आणि त्यात स्वतःच्याच पुस्तकाचा आदराने उल्लेख केला. बढती मिळाली. सत्काराच्या दिवशी पुस्तकाच्या वीस प्रती दर्शनी कपाटात मांडायचं काम मावशीकडे आलं. तिने त्या मांडल्या आणि दोनदा हात धुतले.

तर शेवटचा आकडा असा. भाचीचं एक वर्ष गेलं. मावशीला जन्मात एक संदर्भ मिळाला, तोही सही नसलेल्या निबंधात. पाचजण पास झाले. त्यांची सूची पुढच्या वर्गाने उतरवून घेतली. आणि सरांच्या पदरचं खर्च झालं ते एवढंच, बोटाला लागलेली थुंकी.