माझ्या पोटातली हुर्यो

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, माझी कीव करण्याची काही गरज नाही. माझा पडदा पिवळा पडला आहे, सीडीचा कप्पा टाचणी खुपसल्याशिवाय उघडत नाही आणि मी सुरू होईपर्यंत माणूस चहा करून, पिऊन, कप विसळून येतो. असू द्या. माझे कितीतरी भाऊबंद भंगारात गेले. मी अजून बोलतो आहे.

२००१ साली चंद्रपूरच्या एका दुकानात माझा जन्म झाला. जन्म कसला, जुळवाजुळवच ती. डबा एकाचा, पंखा दुसऱ्याचा, हार्ड डिस्क तिसऱ्याचीच. माझ्या अंगावर कुठल्याही कंपनीचं नाव नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही. तिथून मी चामोर्शीच्या एका संगणक वर्गात गेलो. चार वर्षं पोरांनी माझ्यावर स्वतःची नावं मोठ्या अक्षरांत टाइप केली, पत्ते खेळले आणि मॅडम आल्या की घाईघाईने खेळ बंद केला. कुणीतरी एकाने संगीत जुळवण्याचा एक प्रोग्राम माझ्यात टाकला आणि तो विसरून गेला. पुढे वर्ग बंद पडला. त्या मॅडमला, म्हणजे फरहाला, मालकाने विचारलं की आठवण म्हणून काय नेतेस? तिने मला मागितलं. चांगल्या खुर्च्या होत्या, नवा पंखा होता, तरी मला. हे मी आजही ताठ मानेने सांगतो.

फरहा तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिचे अब्बा जलालुद्दीनभाई शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते आणि मंडईच्या रात्री नाटक होतं, पार पहाटेपर्यंत. त्या नाटकांतले राजे, सावकार, फौजदार जलालुद्दीनभाईंचेच कपडे घालून स्टेजवर यायचे. वर्ग बंद पडल्यावर फरहा दिवसभर दुकानात काज-बटण करू लागली. रात्र मात्र तिची आणि माझी होती.

त्याला कारण भारनियमन. दिवसा लाइटचा पत्ता नसायचा. लाइट रात्री अकराला यायची आणि पहाटे पाचला जायची. त्या वेळात शेतकरी शेतावर मोटारी लावायला जायचे आणि फरहा मला लावायची. तिच्याकडे एक स्वस्तातला माइक होता. त्यात ती अब्बांच्या शिलाई मशीनची टिकटिक भरायची, कापडात चालणारी कात्री, धानाच्या गिरणीचा पट्टा, गावाबाहेरच्या बोडीतले, म्हणजे तळ्यातले बेडूक. मग आम्ही ते आवाज कापायचो, ताणायचो, एकावर एक चढवायचो. बेडूक उलटा वाजवला की तो काहीतरी विचारतो आहे असं वाटतं, हे अख्ख्या तालुक्यात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. कुणी सांगितलंही नव्हतं. ती ऐकायची, मान हलवायची, पुसायची आणि पुन्हा करायची. पाचला लाइट गेली की सहाला उठून पाणी भरायची.

एका तासाच्या झोपेवर माणूस किती दिवस काढणार? एकदा तिने एका फौजदाराच्या वर्दीला दोन्ही बाजूंनी बटणं लावली. काज कुठेच नाही. इस्त्री करून, घडी घालून ती वर्दी नाटकाला गेलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पहाटे नाटक संपवून रामाजी थेट दुकानाच्या दारात. हा नाटक मंडळीचा मुख्य नट आणि मालकही. अंगात तीच वर्दी, छातीवर हात.

"जलालभाऊ, तीन अंक मी असाच हात ठेवून राह्यलो," तो म्हणाला. "लोकाईले वाटलं, फौजदाराच्या छातीत दुखून राह्यलं."

जलालुद्दीनभाईंची मान खाली गेली. तीस वर्षांत त्यांच्या दुकानातून असं काही बाहेर पडलं नव्हतं. पाच वाजायला काही मिनिटं होती, मी सुरूच होतो आणि घाबरलेल्या फरहाच्या हातून हेडफोनची पिन निघाली. मागच्या खोलीतून मशीनची टिकटिक आणि उलटे बेडूक सगळ्या घरभर झाले. रामाजी बोलता बोलता थांबला. हे काय वाजून राह्यलं म्हणून विचारत तो आत आला आणि लाइट जाईपर्यंत माझ्यासमोर उभा राहिला.

त्याचा ऑर्गनवाला त्याच आठवड्यात दुसऱ्या मंडळीत गेला होता. नव्या नाटकात फौजदार रात्री चौकीत एकटा बसतो, त्याच्या हातून एक निरपराध माणूस मेलेला असतो, असा मोठा प्रवेश होता. त्या प्रवेशाला त्याला हेच हवं होतं. फरहा लगेच हो म्हणाली. अब्बा मात्र मोडले होते. त्यांनी तिला सरळ सांगितलं की गुरुवारी हे नाटक होऊ दे. लोकांना आवडलं तर हा संगणकाचा डबा घरात राहील. नाही आवडलं तर रविवारी गडचांदूरहून आपल्या नात्यातल्या कैफला बोलावतो, त्याला टायपिंगच्या दुकानासाठी हवाच आहे. आणि ते स्वतः ऐकायला येणार नाहीत, हेही त्यांनी सांगून टाकलं.

मित्रांनो, त्यानंतरच्या तीन रात्री फरहा जराही झोपली नाही. उजाडल्यावरही नाही. मी तापून बंद पडायचो, ती मला वही हलवून वारा घालायची.

गुरुवारी मला गोधडीत गुंडाळून पडद्यांच्या गाठोड्यांबरोबर टेम्पोत घातलं. कापलेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात स्टेज होतं, बाजूला जनरेटर, समोर तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर घोंगड्या पांघरून बसलेली हजारभर माणसं. मी विंगेत एका ट्रंकेवर. फरहाने माइकही लावून ठेवला. टाळ्या पडतील त्या तिला साठवून ठेवायच्या होत्या.

फौजदार चौकीत येऊन बसला. मी सुरुवात केली. समोर इतकी शांतता पसरली की जनरेटरचा श्वास ऐकू यावा. रामाजीने मान वर केली, आता तो बोलणार आणि फरहा मला हळूहळू बंद करणार, असं ठरलं होतं. पण फरहा बसल्या जागी झोपली होती. मान खाली, हात ट्रंकेवर. मी काय करणार? कुणी थांबवल्याशिवाय थांबणं मला येत नाही. मी वाजतच राहिलो. रामाजीचे ओठ हलत होते आणि लोकांना ऐकू येत होते बेडूक.

मग हुर्यो उठली. शिट्ट्या, हुंकार, "ऑर्गन कुठी गेला रे?" कुणीतरी चप्पल फेकली. फरहा जागी झाली तोवर प्रवेश हातचा गेला होता. दोष तिचा होता, मी ते झाकणार नाही. रामाजी तिला रागावला नाही. तो नुसता पाणी प्यायला, ते तिला जास्त लागलं.

घरी येऊन ती एक पूर्ण दिवस झोपली. लाइट आली आणि गेली, ती उठली नाही. अब्बांनी कैफला निरोप धाडला. पैज ती हरली होती.

शनिवारी रात्री अकराला तिने मला शेवटचं म्हणून सुरू केलं. तिला ती फजिती ऐकायची होती, आणि तीही पूर्ण. रडली नाही. ओठ आवळून, हेडफोन दाबून ऐकत राहिली. शिट्ट्या आल्या, हुंकार आले. आणि त्या गोंधळात, माइकच्या अगदी जवळून, विंगेच्या कनातीपलीकडून एक आवाज आला. गुरुवारी जे येणार नव्हते, त्यांचा.

"गप बसा! माही पोरगी वाजवून राह्यली थे. तीन रात्री झोपली नाई. तुमाले नसन ऐकाचं त घरी जा."

फरहाने ते पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. ज्या तीन रात्री भिंतीपलीकडे अब्बा घोरत होते असं आम्हा दोघांना वाटत होतं, त्या त्यांनी मोजल्या होत्या. मी यंत्र आहे, मला गहिवर येत नाही असं म्हणतात. म्हणू द्या.

ती रडली ती तेव्हा. मग तिने डोळे पुसले आणि कामाला लागली. शिट्ट्या कापल्या, हुंकार तालात बसवले, चप्पल पडल्याचा आवाज समेवर ठेवला. आमच्यावर उडवलेल्या हुर्योचंच तिने गाणं केलं. मधोमध सगळं थांबतं आणि एका शिंप्याचा आवाज येतो.

रविवारी कैफ बस धरून आला, मला बांधायला सुतळीही घेऊन आला. जलालुद्दीनभाई मशीनवर बसले होते. फरहाने जनरेटरवाल्या शेजाऱ्याकडून वायर ओढली होती. तिने मोठ्या आवाजात मला सुरू केलं. स्वतःचं वाक्य कानावर पडलं तेव्हा अब्बांचा पाय पायडलवर थांबला. गाणं संपेपर्यंत ते हातातल्या कापडाकडे बघत राहिले.

"कैफ बेटा, चाय पी के जा," एवढंच ते म्हणाले. सुतळी त्यांनी ठेवून घेतली.

मित्रांनो, आता तुम्हाला वाटत असेल की मला पुसा, झाकून ठेवा, जपा, असं मी सांगणार. नाही सांगणार. झाकून ठेवलेल्या संगणकाला गंजायला कुणाची परवानगी लागत नाही. मला वापरा, तापवा, माझ्याकडून चुका होऊ द्या. आणि भंगारवाला दाराशी आलाच, तर त्याला थोडं थांबायला सांगा. मला एकदा सुरू करा, ते गाणं लावा, जलालुद्दीनभाई काय म्हणाले ते नीट ऐका, आणि मग सांगा मला उचलायला.