पांढरं फडकं

“त्याले लाल दोरा टाक वं मंजू. पांढरं फडकं ज्याच्या हाती लागते त्याचंच होऊन जाते.”

सासूबाई, भिमाबाई, असं म्हणाल्या तेव्हा मंजुश्री हसली होती. “आई, फडक्यावर आता सातबारा काढू का?”

कॉफी गाळायचे कागद एकदा वापरून फेकायचे, हे तिला पटत नव्हतं. तिने पांढऱ्या मलमलची टोपीसारखी गाळणी शिवली. रोज धुऊन अंगणातल्या तारेवर वाळवायची. कागदांचं अर्धं पाकीट फळीवर तसंच पडलं.

आज शेजारच्या तानाबाई लेकीकडे शेगावला निघाल्या. “तुही ती कडू कॉफी दे थर्मासात. गाडीत झोप लागते मले.” मंजुश्रीने कॉफी गाळली, थर्मास भरला. स्वतःचा कप उचलला तोच पाळण्यात अर्पिता रडली. कप ओट्यावरच राहिला.

बाळाला पाजून ती उठते न उठते तोच सासरे, शंकरराव, फवारणीचा पंप घेऊन दारात आले.

“मंजू, ते टोपीवानी फडकं दे बरं.”

“कशाला, बाबा?”

“फवारणीले. काल संध्याकाळी त्यातूनच औषध गाळलं. पंपाच्या तोंडावर काय फिट्ट बसते!”

“माझ्या गाळणीतून?”

“धुतलं ना मंग! साबन लावून तारेवर टाकलं.” शंकररावांनी ओट्यावरचा भरलेला कप पाहिला. “तू पेली काय?”

“नाही. तानाबाई घेऊन गेल्या.”

तिने फोन लावला. रिंग भिंतीपलीकडून ऐकू आली. तानाबाईंच्या कुलूपबंद घरात फोन वाजत राहिला.

हे ऐकताच भिमाबाई स्टँडवर धावल्या होत्या, तिथून त्यांचाच फोन आला. “गाडी गेली वं. अर्धा तास झाला.” लाल दोऱ्याचं त्या बोलल्या नाहीत. शंकरराव मोटरसायकल काढून मागे सुटले.

मंजुश्रीने गावाचा ग्रुप उघडला.

‘वरवटहून शेगावच्या एसटीत कोणी असाल, नाहीतर शेगाव स्टँडवर असाल, तर तानाबाईंना शोधा. हिरवं लुगडं, चष्म्याला दोरी, हातात स्टीलचा थर्मास. आधी थर्मास काढून घ्या. रागावल्या तरी द्या म्हणा. मग विचारा, किती घोट घेतले. एकही घेतला असेल तर तडक दवाखान्यात न्या, फवारणीचं औषध पोटात गेलं असं सांगा. झोपलेल्या दिसल्या तर झोपू देऊ नका, हलवून उठवा. वाचून सोडून देऊ नका. बघा, आणि मला कळवा.’