रात्रपाळीचं रजिस्टर

दापोलीच्या डॉक्टरीणबाईंनी एकच काम सांगितलं होतं. रात्री किती दुखलं, किती झोप लागली, ते वहीत लिहून पंधरा दिवसांनी आणायचं. वही बघून गोळी बदलायची की नाही ते ठरणार होतं.

शालनचा संधिवात सात वर्षांचा. सकाळी बोटं मुठीत वळलेली, पेन धरवत नसे, म्हणून वही नवऱ्याकडे आली. भिकूने मुंबईत एका कारखान्याच्या फाटकावर एकतीस वर्षं रात्रपाळी केलेली. रजिस्टर भरण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, हे तो बुरोंडीच्या एसटीत शेजारी बसेल त्याला ऐकवी. सकाळी शालन रात्रीचं सगळं सांगे. तो "लिहिलं, लिहिलं" म्हणून वही कपाटावर ठेवून देई. रजिस्टर दुसऱ्याच्या हाती देत नाहीत म्हणे.

शालनची भिस्त त्या वहीवर होती. दिवसा ती पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी हसायची, त्यामुळे वाडीत तिचं दुखणं कुणी खरं धरत नव्हतं. सून रसिकाही फोनवर गोड आवाजात विचारी, रात्री मोबाइल बघत बसत नाही ना, आई? आता लेखी पुरावाच दाखवायचा होता.

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी वहीची दोन पानं उलटली. "यात तर सगळं ठीक आहे, मावशी."

शालनने वही ओढली. एक वाजता, सर्व ठीक. दोन वाजता, सर्व ठीक. पंधराही रात्री तेच, आणि प्रत्येक ओळीपुढे भिकूची सही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं.

"दोन वाजता मी भिंतीला टेकून गुडघे दाबत होते. हे ठीक?"

भिकू गोंधळला. फाटक शाबूत असलं की सर्व ठीक, हीच त्याची उभ्या नोकरीची रीत.

"तू होतीस ना गो जाग्यावर," तो म्हणाला. "म्हणून लिहिलं."

डॉक्टरीणबाईंनी एकेक सही बघितली. मग विचारलं, काका, तुम्हाला दर तासाची खबर कशी? चोरी पकडली गेल्यासारखी भिकूने मान खाली घातली. तो झोपतच नव्हता. तिला आपल्यामुळे अवघडायला नको म्हणून घोरण्याचं सोंग करी, तास डोक्यात ठेवी आणि चहाआधी ओळी भरून टाकी. त्या घोरण्याच्या भरवशावरच शालन पंधरा रात्री तोंडात पदर धरून कण्हत होती.

"मावशी झोपल्या असत्या तर पहारा कशाला लागला असता?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी शालनला तिच्याच तोंडून सगळं सांगायला लावलं, मध्ये न तोडता ऐकलं आणि गोळी बदलून दिली.

परतताना एसटीत शालन बुरोंडीपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. उतरताना मात्र तिने आधारासाठी त्याचाच खांदा धरला.

नव्या गोळीने त्या रात्री घटकाभर डोळा लागला, मग गुडघ्यांनी उठवलं. शेजारी भिकू घोरत होता. शालनने कान दिला. सोंगाचं घोरणं एका तालात असायचं. हे मध्येच अडकत होतं, शीळ घालत होतं. खरं होतं.

तिने कपाटावरची वही काढली आणि वाकड्या बोटांत पेन कसंबसं धरून लिहिलं: तीन वाजता. गुडघे ठणकतात. पहारेकरी झोपला. बाकी सर्व ठीक.

खाली सही केली, आणि त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.