झुलपांखालचं कपाळ

आत्याच्या सलूनमध्ये इतके आरसे होते की तोंड लपवायला एकच जागा उरली होती, मागचं केस धुण्याचं बेसिन. तिथे गिऱ्हाईक डोळे मिटून उताणं पडतं. बारकीनं ती जागा धरली होती आणि सोडायचं नाव घेत नव्हती. खरं तर हात तिचा सुरेख. तिनं कात्री धरली की आत्यासुद्धा काम थांबवून बघत राही. पण खुर्चीमागे उभं राहायचं म्हणजे समोरच्या आरशात आपलंच तोंड, आणि बारकीच्या कपाळावर मुरमांनी बस्तान मांडलं होतं.

आत्याच्या लेखी जगातल्या प्रत्येक दुखण्यावर केसांतच इलाज. नाक मोठं? भांग बाजूला पाड. नवरा लक्ष देत नाही? केस रंगव. मुरमं? कपाळावर झुलपं सोड. "झाकली मूठ सव्वा लाखाची," असं म्हणत ती रोज सकाळी दुकानातलं केस बसवायचं सगळ्यात भारी मेण बारकीच्या झुलपांना चोळायची आणि ती कपाळावर चापून बसवायची. मुरमं वाढली की झुलपं दाट होत, आणि मेणही.

शेवटी आत्याचाही धीर सुटला. "दुसरी खुर्ची किती दिवस रिकामी ठेवू? थंडी संपायच्या आत तिच्यामागे उभी राहिलीस तर तुझी. नाहीतर मी दुसरी मुलगी ठेवते."

बारकी बेसिनचा नळ सोडून रडली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मग तिनं डोळे पुसले आणि त्वचेच्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली. आत्या न बोलावता सोबत निघाली.

डॉक्टरबाईंनी दिवा जवळ ओढला. "गाल स्वच्छ, हनुवटी स्वच्छ. सगळा बाजार झुलपांखालीच. कपाळाला काय लावता?"

"काही नाही," आत्या ठसक्यात म्हणाली. "साधं क्रीमसुद्धा लावू देत नाही मी."

डॉक्टरबाईंनी पांढऱ्या कागदात झुलपं चिमटीत धरली. कागद तेलकट झाला. "आणि हे?"

"ते तर केसांना!"

"आणि केस दिवसभर कुठे टेकतात?"

आत्यानं तो कागद बोटांनी चोळून पाहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"या मेणानं त्वचेची छिद्रं बुजतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मेण बंद, झुलपं मागे. हे मलम रात्री मटारच्या दाण्याएवढं, सगळ्या कपाळावर पातळ लावायचं. फोडाफोडी करायची नाही. आधी कातडी सुटेल, मुरमं थोडी वाढतीलही. तरी सोडायचं नाही. फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात."

"जातील ना?" बारकीनं विचारलं.

"बहुतेक जातील. डाग थोडे रेंगाळतील. नाहीच गेली तर दुसरं औषध आहे, आणि मी कुठे पळून चाललेय?"

दुकानात परतल्यावर आत्यानं बारकीची झुलपं धुतली आणि मागे घेऊन चिमटे लावले. "माझ्याच हातानं केलं गं हे," ती म्हणाली. बारकीला खरं तर राग यायला हवा होता. पण इतकी नरमलेली आत्या तिनं कधी पाहिली नव्हती, आणि तिला मायाच वाटली.

मग कपाळ सोलवटलं, वर नवी मुरमं. दुष्काळात तेरावा महिना! बारकीनं मलमाची ट्यूब फेकायला हात उचलला, आणि दात-ओठ खाऊन पुन्हा मटाराएवढं मलम काढलं. हळूहळू नवी मुरमं यायची थांबली. डाग मात्र जागचे हलेनात, आणि थंडी ओसरत चालली.

एका दुपारी आत्याचे हातमोजे केसांच्या रंगात बरबटलेले असताना एक बाई आत आल्या. "कोण मोकळं आहे?"

आत्यानं बारकीकडे पाहिलं. बारकीनं हात पुसले आणि ती दुसऱ्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. बाईंच्या मानेशी अवघड भोवरा होता. डावीकडे केस बसले की उजवीकडचे उठत. बारकीनं ओठ दाबून बट न् बट वळवत तो असा जिरवला की बाई मान हलवून हलवून बघत राहिल्या.

"पुढच्या वेळी हिच्याकडेच," म्हणून त्या गेल्या.

आत्या हातमोज्यांसकट धावत आली. "आरशात बघून घाबरली नाहीस ना गं?"

बारकी क्षणभर गोंधळली.

"बघायचं राहूनच गेलं, आत्या."