लाखेचा जोड

गाडीच्या तपासणी-सॉकेटला सोळा खाचा होत्या. त्यांतल्या पाचांत धातूची पाती होती, अकरा रिकाम्या. नूतननं स्टिअरिंगखाली मान वाकडी करून, टॉर्च दातांत धरून पुन्हा एकदा मोजलं आणि तळहातावर पेनानं आकडे लिहिले : चार, पाच, सात, पंधरा, सोळा. सहावी आणि चौदावी रिकामी. तिला पाहायचं होतं ते एवढंच.

"ताई, मोजत काय बसल्या? टॅबलेट लावा ना डायरेक्ट," बाहेरून मिथुन म्हणाला. गॅरेजची अवजारं विकायला तो चंद्रपूरहून महिन्यातून एकदा आरमोरीला येई. "एकशे बावन्न कंपन्यांच्या गाड्या वाचतो हा. गाडीत जान असेल तर बोलेलच. नाही बोलली तर कॉम्प्युटर खतम समजायचं."

"म्हणजे गाडी बोलली नाही तर गाडी मुकी," नूतन आतूनच म्हणाली. "टॅबलेट बहिरा असूच शकत नाही."

टायरांच्या ढिगावर बसलेल्या सत्यशीला मॅडम हसल्या. गाडी त्यांची होती. दोन हजार पाच सालची, लाल, टर्बो बसवलेली. बदली होऊन जाणाऱ्या एका अधिकाऱ्याकडून त्यांनी ती घेतली तेव्हा मुख्याध्यापक बाई असली पळणारी गाडी काय करणार म्हणून अख्खा तालुका हसला होता. मॅडमांनी उत्तर रस्त्यावर दिलं. वडसा रोडवर एकेकाला मागे टाकलं, तेवढंच. आता त्या निवृत्त होत्या आणि इंजिनाच्या मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर गाडी चढत नव्हती. मागच्या महिन्यात बांबूच्या ट्रकपुढे निघताना तिनं मध्येच दम सोडला होता. समोरून बस येत होती. त्या कशाबशा ट्रकच्या मागे परतल्या. चंद्रपूरच्या एका मोठ्या वर्कशॉपनं तपासून लिहून दिलं होतं : कॉम्प्युटर निकामी, नवीन मिळत नाही, गाडी भंगारात द्यावी.

"माझं वय झालं असं मला सांगितलं तर चालेल," मॅडम म्हणाल्या होत्या, "हिचं झालेलं नाही." आणि गाडी इथं आणून लावली होती.

शेडच्या दुसऱ्या टोकाला नूतनचे वडील देवाजी पाण्याच्या इंजिनावर वाकले होते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते दोष ऐकत. आणखी एक सवय त्यांची. तारेच्या जोडाला ते टेप लावत नसत. धानोऱ्याकडून आणलेली लाख दिव्यावर वितळवून तिचा थेंब जोडावर सोडत. टेप दोन उन्हाळे टिकते, लाख मालकाच्या पुढे टिकते, असं म्हणत. तालुक्यात कुठलीही मोटार उघडली आणि तारेवर तांबूस मणी दिसला की लोक ओळखत, हा देवाजीचा जोड.

"नूतन," त्यांनी मान वर न करता हाक मारली. "सहाले बंद होते ते."

ते म्हणजे बी.एड.चा फॉर्म. त्यांनी तो सायबर कॅफेतून भरून आणला होता आणि सकाळपासून घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला होता. फक्त नूतनची सही बाकी होती. भौतिकशास्त्रात पदवी घेतलेल्या पोरीनं ग्रीसमध्ये हात घालू नये, हे त्यांचं म्हणणं. मला गॅरेजच चालवायचं आहे, हे तिचं. आठ दिवस वाद झाल्यावर ठरलं होतं : मॅडमच्या गाडीचा दोष नूतननं शोधून काढला तर ती राहील, नाहीतर सही करेल.

"सहा वाजाले अजून पाच घंटे हायेत बाबा."

"पाच घंट्यात काय होते वो? तुह्या त्या डब्ब्याले जे आईकू येईन ते मले कानानं येते. इंजन चांगलं हाये. मी आईकलं."

"मंग ते पळत काऊन नाई?"

देवाजी पुन्हा इंजिनावर वाकले. स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला.

नूतननं मल्टिमीटर काढला. आधी त्याच्या दोन्ही सळ्या एकमेकींना टेकवल्या : शून्य दशांश दोन ओहम. काहीही मोजण्याआधी ती हे करायचीच. हा मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध. मोजून जे येईल त्यातून हा वजा करायचा; उरेल तो समोरच्याचा दोष. आठवीत मॅडमांनीच लावलेली सवय होती ती. आधी आपली चूक मोजा, मग दुसऱ्याची, असं त्या फळ्यावर लिहीत. चौथी आणि पाचवी खाच गाडीच्या सांगाड्याशी नीट जोडलेली निघाली. सोळावीत बारा व्होल्ट होते. वीज पोचत होती, म्हणजे मुकं असण्याचं कारण दुसरं होतं.

"तुमचा प्लग दाखवा, मिथुनभाऊ."

तिनं टॅबलेटचा प्लग उन्हात धरून त्याच्या पिना मोजल्या. चार, पाच, सहा, चौदा, सोळा.

"ह्याले सातवी पिनच नाही. नव्या गाड्या सहा आणि चौदावर बोलतात. ही सातवर बोलते, आणि तुम्ही सहाशी बोलून राह्यले."

"ताई, पिनानं काय होते? सॉफ्टवेअर हेवी आहे." मिथुननं प्लग घेऊन खाली खुपसला. पडद्यावर गोल फिरत राहिला, मग अक्षरं उमटली : संपर्क नाही. त्यानं आणखी दोनदा करून पाहिलं. "बघा. खतम."

"चंद्रपूरच्या वर्कशॉपमध्ये गाडी कशानं तपासली होती?" तिनं विचारलं.

"ह्याच मॉडेलनं." मिथुनचा आवाज थोडा उतरला. "मीच दिलं त्यायले."

सत्यशीला मॅडमांनी पर्समधून वर्कशॉपचा कागद काढला, चष्मा लावून पुन्हा वाचला आणि पुन्हा ठेवून दिला.

"व्हॅनमध्ये अजून काय हाये?" नूतननं विचारलं.

"तुमच्या कामाचं नाही. नागपूरच्या एकानं बदल्यात दिलेलं एक जुनं स्कॅनर हाये. भंगार. काळा-पांढरा स्क्रीन."

"आणा."

ते विटेएवढं जड होतं. केबल बोटाएवढी जाड, कडेला रबर चिरलेलं. नूतननं त्याच्या पिना मोजल्या. सातवीपाशी बोट थांबलं.

"हे घेते."

"ताई, हसतील लोकं. टॅबलेटवर एक वर्षाची वॉरंटी देतो ना."

"हसू द्या. गाडी बोलेन तेव्हा कोण हसते ते पाहू."

तिनं प्लग लावला, चावी फिरवली आणि मनात आकडे मोजू लागली. अडतीसपर्यंत पोचली तेव्हा पडदा हलला. कॉम्प्युटरनं आधी आपला नंबर सांगितला, मग एकच दोष सांगितला : टर्बोचा दाब अपुरा. मिथुन वाकून पाहत होता. टॅबलेट त्यानं हळूच खोक्यात घातला.

पुढचं काम अर्ध्या तासाचं होतं. नूतननं टर्बोपासून निघणारी प्रत्येक नळी वाकवून, साबणाचं पाणी लावून तपासली. मागच्या बाजूला, हात जेमतेम पोचेल अशा जागी, बोटभर लांबीची रबरी नळी उभी तडकली होती. तिनं ती काढून कामाच्या बाकावर ठेवली, त्याच मापाची नवी बसवली आणि इंजिन चालू केलं.

"एवढीशी?" मॅडम म्हणाल्या.

"एवढीशीच."

देवाजी हात पुसत आले होते. त्यांनी तडकलेली नळी बोटांत फिरवली, चिरेवर नख ठेवलं. "हे जुनं हाये," ते पुटपुटले. मग खिशावर हात ठेवला, पण फॉर्म काढला नाही. नूतननं तो हात पाहिला. जिंकले असं म्हणायची ती वेळ होती, आणि तिनं ते म्हटलं नाही, कारण पडद्यावर अजून एक ओळ होती.

"मॅडम, इंजिनचा पिवळा दिवा पेटला नव्हता कधी?"

"पेटला होता ना. फार वर्षं झाली. मी देवाजीभाऊंना दाखवला, त्यांनी नीट करून दिलं. त्यानंतर नाही पेटला. पेटला असता तर मी गाडी घेऊन निघाले असते का?"

"कॉम्प्युटर म्हणतो, दिवा आता पेटलेला हाये."

तिघांनी स्टिअरिंगसमोरच्या मीटरकडे पाहिलं. इंजिन चालू होतं, आणि तिथं अंधार होता.

नूतननं इंजिन बंद केलं, फोन मीटरसमोर टेकवून हळू गतीचं चित्रण लावलं आणि इंजिन पुन्हा सुरू केलं. चावीबरोबर तेलाचा लाल आणि इंजिनचा पिवळा, दोन्ही दिवे लागले. इंजिन धडधडताच दोन्ही विझले. तिनं चित्रण एकेक चौकट सरकवत पाहिलं. तीन वेळा सुरू केलं, तिन्ही वेळा पाहिलं. लाल आणि पिवळा एकाच चौकटीत विझत होते. लालला तेलाचा दाब विझवतो, पिवळ्याला कॉम्प्युटर; दोघांना विझवणारे हात वेगळे असायला हवेत. इथं हात एकच होता.

"नूतन," देवाजी म्हणाले. "झालं ना काम. गाडी पळते आता. मीटर कायले खोलते?"

तिनं वडिलांकडे पाहिलं. मग स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

"दिवा खोटं काऊन बोलते ते पायल्याशिवाय मी गाडी देणार नाई."

चार स्क्रू निघाले. मीटर पुढं ओढून तिनं मागे टॉर्च मारला. पिवळ्या दिव्याची तार कापून तिचं टोक तेलाच्या दिव्याच्या तारेत गुंफलेलं होतं. गुंफण इतकी सारखी होती की विणल्यासारखी वाटावी. आणि तिच्यावर, टॉर्चच्या उजेडात, तांबूस, चकचकीत मणी.

नूतनचा हात तिथंच राहिला. मागे मॅडम उभ्या होत्या. त्यांना एवढ्या आत दिसत नव्हतं.

"काय आहे गं?"

"दिव्याची तार तोडून तेलाच्या दिव्याले जोडली आहे मॅडम. दोष असला तरी इंजिन चालू होताच दिवा विझते."

"कुणी केलं?"

इंजिन बंद होतं. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. नूतननं मीटर आणखी थोडा पुढं ओढला आणि बाजूला झाली, म्हणजे ज्याला पाहायचं त्यानं पाहावं.

देवाजींनी पाहिलं नाही.

"मी केलं," ते म्हणाले. "तुमी दिवा दाखवला तवा मी दोन दिवस इंजन आईकलं बाई. कानाले काईच नाई आलं. मंग मले वाटलं, इंजन खरं, दिवाच खोटा. मले समजत नाई, असं मनता नाई आलं."

मॅडमांनी चष्मा काढला. पदरानं पुसला.

"इतकी वर्षं मी त्या दिव्याच्या भरवशावर गाडी हाणली, भाऊ. त्या बसपुढंसुद्धा."

"हो बाई."

नूतननं पक्कड घेतली, जोडाच्या दोन्ही बाजूंनी तारा कापल्या आणि मणी असलेला तुकडा बाकावर, तडकलेल्या नळीशेजारी ठेवला. लाल दिव्याची तार लाल दिव्याला, पिवळ्याची पिवळ्याला जोडली. वडिलांच्या समोर, त्यांची लाख न मागता, टेप लावून. मग चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, लाल दिवा विझला. पिवळा पेटून राहिला.

"स्कॅनरनं पुसता येते आत्ताच," ती म्हणाली.

"पुसू नको. नळी नीट बसली असेल तर आपणहून विझेल ना?"

"तीन-चार वेळा गाडी फिरवली की."

"मग त्याला जळू दे. बरेच दिवस दाबून ठेवलाय." मॅडम स्टिअरिंगमागे बसल्या. "आणि नाही विझला तर मी कुठं येऊ?"

नूतननं वडिलांकडे पाहिलं नाही. "इथीच. मी इथीच हावो."

लाल गाडी वडसा रोडला लागली. वळणापलीकडे तिचा आवाज एकदम चढला, आणि चढतच गेला. देवाजी मान कलती करून ऐकत राहिले. मिथुननं कागदपत्रं आवरली, जुन्या स्कॅनरची पावती बाकावर ठेवली आणि निघून गेला.

देवाजींनी बाकावरचा तारेचा तुकडा उचलला. दोन्ही टोकं चाकूनं सोलली. तांबं उघडं पडलं. तो त्यांनी नूतनसमोर धरला.

"दिवा इझवला ते माही चूक. पण जोड मोज."

"बाबा..."

"मोज मनतो ना."

त्यांनी खिशातून फॉर्म काढला, घडी उलगडली, सहीची जागा असलेली बाजू खाली करून बाकावर पसरला आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवून आकड्यासाठी थांबले.

नूतननं आधी मीटरच्या दोन्ही सळ्या एकमेकींना टेकवल्या. शून्य दशांश दोन. मग तारेच्या दोन टोकांना टेकवल्या, आकडा स्थिर व्हायची वाट पाहिली आणि वाचून दाखवला.

शून्य दशांश दोन.